पिकअपच्या पाट्यांचे आणि बुशचे बोल्ट बसवताना या चुका टाळा

आंब्याच्या पेट्यांचा हंगाम ओसरला आणि १ जूनपासून मासेमारी बंद झाली, की कोकणातील अनेक पिकअप गाड्या पाटे (गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि बुश (पाट्यांच्या टोकांत बसणाऱ्या रबरी किंवा पितळी नळ्या) बदलण्यासाठी गॅरेजला लागतात. सामान चांगल्या दर्जाचे घेतले जाते, तरीही गणपतीच्या आधीच ब्रेक दाबताना खालून कटकट आवाज येऊ लागतो किंवा गाडी एका बाजूला ओढू लागते. अशा वेळी दोष पुष्कळदा सामानात नसून बोल्ट बसवण्याच्या पद्धतीत असतो.

सर्वांत नुकसानकारक चूक म्हणजे गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) आणि पाट्याच्या डोळ्यातील, म्हणजे टोकाच्या गोल भोकातील, बोल्ट पूर्ण ताकदीने आवळणे. रबरी बुशची आतली लोखंडी नळी बोल्ट आवळताच ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते आणि त्यानंतर पाट्याची सगळी हालचाल रबराला पीळ देऊनच होते. नळी लोंबकळत्या स्थितीत धरली गेली, तर गाडी जमिनीवर येताक्षणी रबराला कायमचा पीळ बसतो आणि कुंभार्ली किंवा आंबा घाटातील प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. असा बुश लवकर फाटतो आणि बोल मात्र बुश बनवणाऱ्याला लागतो. म्हणून बोल्ट आधी बेताचे लावावेत, गाडी सपाट जागी चारही चाकांवर उतरवावी, मागचा भाग दोन-चार वेळा दाबून सोडावा आणि मगच शेवटचा आवळ द्यावा. ग्रीस भरण्याच्या पितळी बुशमध्ये रबर नसल्याने तेथे हा प्रश्न येत नाही.

गाडीखाली आधार म्हणून जांभ्याचा चिरा ठेवण्याची सवय मात्र तातडीने सोडावी. चिरा घराच्या भिंतीत वर्षानुवर्षे टिकतो, पण चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, भार एका टोकावर आला की तो अचानक फुटतो. गाडीखाली शिरायचे असेल, तर लोखंडी स्टँडच हवेत.

खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात, म्हणून बंदराजवळच्या दुकानातून स्टेनलेसचे बोल्ट आणून बसवण्याचा मोह होतो. हेतू समजण्यासारखा आहे, पण निवड धोक्याची आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या, डोक्यावर ए२-७० असा शिक्का असलेल्या स्टेनलेस बोल्टची तन्यशक्ती (तुटेपर्यंत ताण सोसण्याची क्षमता) ७०० मेगापास्कल असते, तर ८.८ शिक्क्याच्या बोल्टची ८०० आणि १०.९ च्या बोल्टची १००० असते. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांत चिकटून जाम होऊ शकतात. काढलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का, जाडी, लांबी आणि आट्यांचे अंतर जुळवूनच नवा घ्यावा, नटही त्याच दर्जाचा असावा आणि नायलॉनची रिंग असलेला लॉकनट दुसऱ्यांदा वापरू नये.

इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले यू बोल्ट हे पाट्यांना एक्सलवर दाबून धरतात आणि तो दाब टिकला तरच गाडी सरळ चालते. एकदा आवळून ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरण्यात बचत नाही. पाटे उघडले की यू बोल्ट आणि नट नवेच घालावेत. बसवताना सेंटर बोल्टचे (पाटे मधोमध एकत्र बांधणाऱ्या बोल्टचे) डोके एक्सलच्या पॅडवरील, म्हणजे पाटे टेकण्याच्या बैठकीवरील, भोकात नीट उतरले आहे का हे आधी पाहावे, कारण ते कडेवर बसले तर एक्सल तिरका राहतो. चारही नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पाटे, पॅड आणि यू बोल्टच्या नटांखालची पट्टी यांच्या मध्ये रंगाचा जाड थर किंवा गंजाचे पापुद्रे राहिले, तर ते वजनाखाली चुरतात आणि आवळ आपोआप ढिला होतो. त्यामुळे या जागा ब्रशने घासून स्वच्छ कराव्यात आणि रंग काम झाल्यावर बाहेरून लावावा. पावसाळ्यापूर्वी खालून जळके ऑईल मारणाऱ्यांनी रबरी बुश झाकून घ्यावेत, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते.

आवळ किती द्यायचा हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) लावलेल्या जोरापैकी साधारण १० टक्केच बोल्टच्या ताणात उतरतो, बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणूनच कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जाऊ शकतो. मॉडेलनुसार आकडा बदलतो. तो गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. हवेची गन नट फिरवून जागेवर आणण्यापुरती ठीक आहे, शेवटचा आवळ तिने देऊ नये.

नवे यू बोल्ट सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून पहिल्या भरलेल्या फेऱ्यांनंतर, काहीशे किलोमीटरच्या आत, आवळ पुन्हा तपासावा. नटाजवळ किंवा पट्टीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर तेथे हालचाल होत आहे असे समजावे. सेंटर बोल्ट तुटलेला आढळल्यास नुसता नवा घालून गाडी रस्त्यावर सोडू नये. यू बोल्ट ढिले झाल्यामुळे त्यांचा भार त्या एकट्या बारीक बोल्टवर आलेला असतो, त्यामुळे यू बोल्ट बदलून योग्य आवळ दिल्याशिवाय नवा सेंटर बोल्टही टिकणार नाही.