क्रिप्टिक क्रॉसवर्ड कसं सोडवायचं: आधी क्लू कापायला शिका

साधं शब्दकोडं येतं, इंग्रजी पेपर आरामात वाचता येतो आणि हाताशी पेन्सिल-खोडरबर आहे, एवढं धरून चालते. आता 'द हिंदू'मध्ये रोज येतं तसं क्रिप्टिक, म्हणजे आडवळणाच्या क्लूंचं इंग्रजी शब्दकोडं, समोर घ्या. आणि आजवर मिळालेले सगळे सल्ले आधी बाजूला ठेवा. जनरल नॉलेज वाढवा म्हणे, डिक्शनरी पाठ करा म्हणे, शॉर्टफॉर्मच्या याद्या घोका म्हणे. याद्या घोकून बसलेली माणसं मी पाहिलीत, त्यांना दोनशे शॉर्टफॉर्म येतात आणि क्लू एक सुटत नाही, कारण क्लू कुठे कापायचा हेच कुणी सांगितलेलं नसतं.

मूळ गोष्ट एवढीच आहे की प्रत्येक क्लूमध्ये एकाच उत्तराकडे जाणारे दोन रस्ते असतात. एक म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, तो क्लूच्या अगदी सुरुवातीला असतो नाहीतर अगदी शेवटी. उरलेला भाग म्हणजे बहुधा तोच शब्द अक्षरांच्या खेळातून बनवायची कृती. हे दोन भाग जिथे वेगळे होतात तो काप. कंसातला आकडा म्हणजे किती घरं. बस.

खेळ समजायला मी मराठीत क्लू बनवून दाखवते, इंग्रजी अक्षरं मोजत बसण्यापेक्षा ते सोपं जातं. मराठीत काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात जातं हे माहितीच आहे.

'काव्य गडबडीत विकता (३)'. विकता हा इथे शब्द नाही, कच्चा माल आहे, गडबडीत म्हणजे अक्षरं ढवळा, वि-क-ता ढवळून क-वि-ता, आणि काव्य हा सरळ अर्थ. हा अॅनाग्राम.

'माझा डबा उघडला तर आत सावली देणारं (२)'. मा-झा-ड-बा, आत झाड लपलंय. 'वडा पलटून खेळ (२)' म्हणजे डाव. 'मास्तर दरवाजापाशी, फौजेचा म्होरक्या (४)' म्हणजे सर आणि दार, सरदार. 'झक्कास पोटात कढीचा पहिला घास, पिठल्यासोबत हीच (३)': झक्कास म्हणजे भारी, कढीचा पहिला घास म्हणजे क, तो भारीच्या पोटात घातला की भाकरी. 'देवापुढे जोडतो, सरकारकडे भरतो (२)' म्हणजे कर, इथे कृती नाहीच, दोन्ही बाजूंना सरळ अर्थच आहेत. इंग्रजीत अजून एक येतो, आवाजाचा: नाईट म्हणजे रात्र आणि नाईट म्हणजे घोड्यावरचा योद्धा, उच्चार एक, स्पेलिंग वेगळं, आणि क्लूमध्ये 'दे से' किंवा 'वुई हिअर' असं काहीतरी असतं. प्रकार साधारण एवढेच, बाकी सगळी यांचीच मिश्रणं.

प्रकार एका संध्याकाळी कळतात. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो कापायला, आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात म्हणून यावर सविस्तर लिहिते.

अडचण ही की आपल्याला वाक्य वाचायची सवय आहे. 'काव्य गडबडीत विकता' वाचलं की डोळ्यासमोर कविता विकणारा कुणीतरी उभा राहतो आणि आपण त्याचा विचार करायला लागतो. सेटरला, म्हणजे क्लू रचणाऱ्याला, नेमकं हेच हवं असतं. जे शब्द बोलताना एकमेकांना चिकटून येतात त्यांच्याच मधून तो काप घालतो. इंग्रजीतलं बघा, हाही मीच बनवलाय: 'फेलो टू लीव्ह फ्रूट (५)'. वाचताना कुणीतरी फळ मागे ठेवून जातंय असं वाटतं, लीव्ह आणि फ्रूट अगदी क्रियापद आणि कर्म म्हणून जोडलेले. काप बरोबर त्या दोघांच्या मध्ये आहे. फेलो म्हणजे मॅन, टू लीव्ह म्हणजे गो, आणि फ्रूट हा अर्थ. मँगो.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे आणि ती मी कुणालाही बदलू देत नाही. क्लू एकदाच वाचा, त्यातलं चित्र विसरा. मग शेवटचा एकच शब्द उरेल असा बाकीचा क्लू बोटाने झाका, आणि त्या शब्दाला एवढ्या अक्षरांचे समानार्थी शब्द कोणते ते आठवा. नाही जमलं तर शेवटचे दोन, मग तीन. मग हेच सुरुवातीकडून. सरळ अर्थ मध्यभागी कधीच नसतो हे एकदा डोक्यात बसलं की शक्यता किती कमी होतात बघा. आणि झाकलेल्या भागात एकही शब्द बेकार राहता कामा नये. उत्तर जुळतंय पण एक शब्द कशालाच लागत नाही, तर काप चुकलाय किंवा उत्तर चुकलंय, पेनने लिहू नका.

स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, कॅपिटल अक्षर यांच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, वरती मी काही ठिकाणी कापावरच स्वल्पविराम दिलाय ती नवशिक्यांसाठी सवलत आहे. उलट व्याकरणावर पूर्ण विश्वास ठेवा: सरळ अर्थ नाम असेल तर उत्तर नाम, भूतकाळी क्रियापद असेल तर उत्तरही भूतकाळी. 'झिमेनीझ' या नावाने कोडी रचणारे मॅकनट होते, त्यांनी १९६६ सालच्या पुस्तकात हा काटेकोर प्रामाणिकपणा नियम म्हणून मांडला, त्याचं सार असं: नेमका अर्थ, न्याय्य कृती, आणि त्यापलीकडे काही नाही. ब्रिटनच्या 'गार्डियन' पेपरचे काही सेटर याहून सैल हाताने लिहितात आणि त्यांची मजा वेगळी आहे, पण शिकताना काटेकोर सेटरच धरा, कारण कापाची सवय तिथेच लागते.

एक सापळा मात्र कापूनही सुटत नाही. 'फ्लॉवर' वाचलं की फूल आठवतं, पण फ्लो होणारी ती फ्लॉवर, म्हणजे नदी, त्यामुळे लंडनचं फ्लॉवर म्हणजे थेम्स. तसाच 'नंबर', नम म्हणजे बधिर, बधिर करणारा तो नंबर, तेव्हा भुलीचं औषधही नंबर होऊ शकतं. शेवटी 'ईआर' असलेला शब्द अडला की त्याच्याकडे असं तिरकं बघायचं.

शॉर्टफॉर्म सोडवता सोडवता येतात. लव्ह म्हणजे टेनिसचा शून्य म्हणून ओ, सेलर म्हणजे टार किंवा एबी, वर्कर म्हणजे अँट (मुंगी) किंवा बी (मधमाशी), पॉइंट म्हणजे चारपैकी एक दिशा, डॉक्टर कधी डीआर तर कधी चक्क 'अक्षरं ढवळा'. पुन्हा पुन्हा तेच येतात.

सुरुवात कुठून? मोठ्या अॅनाग्रामपासून, त्यांचा कच्चा माल डोळ्यासमोर असतो, अक्षरं गोल लिहून काढा. पण ढवळायची खूण दिसली म्हणजे अॅनाग्राम असेलच असं धरू नका, अक्षरं मोजा आधी, कंसातल्या आकड्याशी जुळली तरच. मग आडव्या-उभ्याची अक्षरं एकमेकांना मदत करतात. अडलं तर उठा, दुसरं काम करा.

राहिलेले क्लू दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन उलटे सोडवा, म्हणजे उत्तर माहीत असताना काप कुठे होता ते पेन्सिलने रेघ मारून दाखवा. नुसतं 'अच्छा, हे होतं होय' म्हणून पान उलटलं तर पुढच्या महिन्यातही तिथेच अडाल.

रेघ मारायला हा घ्या, स्वल्पविराम काढून टाकलाय: 'दारूच्या अड्ड्यात जा भाजी मिळेल तिथे (३)'.