बोंडअळी बांधावरून दिसत नाही

कपाशीला बोंडं लागली की दर आठवड्याला ती फोडून बघा. गुलाबी बोंडअळी आत शिरली की तिचं छिद्र बुजतं आणि बोंड बाहेरून निरोगीच दिसतं. २०१७ साली विदर्भात हिरवीगार पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती आणि वेचणीला कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस निघाला. आजही बहुतेक जण बांधावरून नजर फिरवून परततात.

आत गेलात तरी मनाला येईल तिथे बोंड तोडू नका. हात आपसूक वाटेकडच्या नाहीतर रोगट झाडाकडे जातो. रीत अशी: बांध सोडून पाच-सहा ओळी आत शिरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी चाला, ठरलेली पावलं मोजून थांबा. उजव्या हाताला येईल ते झाड, कसंही असो, घ्यायचंच. एका झाडाचं एकच मध्यम, हिरवं बोंड, असं एकरी २०.

बोंडाची पाकळी (कप्पा) उघडून सालीची आतली बाजू निरखा. तिथे बारीक गाठ असेल तर सरकी फोडा. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते. घाईत ती हमखास सुटते. २० पैकी २ बोंडांत जिवंत अळी म्हणजे १० टक्के, हीच फवारणीची पातळी. मग थांबू नका.

पऱ्हाटीच्या ढिगाजवळच्या, जिनिंगकडच्या ओळी मुद्दाम बघा, पण तो आकडा या २० मध्ये मिसळू नका. अमावास्येच्या आसपास पतंग वाढतात असा माझा अंदाज आहे, म्हणून त्यानंतर दोन दिवसांनी एक फेरी जास्तीची मारा.

इतर कामं:
- कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी २. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले तर फवारणी
- डोमकळ्या (अळी लागून न उमललेली, मिटलेली फुलं) तोडून नष्ट करणे
- पातळीखाली असताना ५ टक्के निंबोळी अर्क
- पातळी ओलांडल्यावर १० लिटर पाण्यात प्रोफेनोफॉस ५० ईसी २० मिली किंवा इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ४ ग्रॅम
- हातमोजे, मास्क. वाऱ्याच्या दिशेने फवारणी

दुकानदार तीन औषधांचं मिश्रण आणि वर टॉनिक काढून देईल. त्याला आधी तुमचा २० बोंडांचा आकडा सांगा. अळी नसताना मारलेलं पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक पांढरी माशी वाढवतं, आणि पैसे जातात ते वेगळेच. सध्या ढगाळ हवा आहे, तेव्हा ही फेरी रविवारवर ढकलू नका, उद्या सकाळीच मारा.