थेट शेतकऱ्याकडून अख्खा बोकड घेताय? या चुका टाळा

आखाड जवळ आला की दरवर्षी तेच सुरू होतं. चार-पाच घरं एकत्र येतात आणि ठरवतात, यंदा दुकानातून नको, गावाकडून अख्खा बोकड आणू आणि वाटे घालू. कल्पना उत्तम आहे. जनावर डोळ्यांनी बघून घेतलेलं असतं, पैसा दलालाऐवजी पाळणाऱ्याच्या हातात जातो आणि मुंडीपासून पायापर्यंत सगळं ताजं मिळतं. तरी व्यवहार झाल्यावर निम्म्या लोकांची तक्रार असते की महाग पडलं, मटण चिवट निघालं, नाहीतर वास आला. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ खरेदीच्या दिवशीच असतं, त्यामुळे त्या टाळता येतात.

स्वस्त पडेल या आशेने जाणं

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून हिशेब आधी मांडतो. शेतकरी जिवंत वजनावर भाव सांगतो आणि आपल्या डोक्यात दुकानातला मटणाचा भाव असतो. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. बोकडाच्या जिवंत वजनापैकी हाडांसकट मटण पडतं साधारण ४५ ते ५० टक्के. बाकी कातडी, मुंडी, पाय, आतडी, रक्त आणि पोटातला चारा.

समजा उपाशीपोटी २७ किलो भरलेला बोकड ४५० रुपये किलोने घेतला, तर झाले १२,१५० रुपये. खाटकाची मजुरी आणि किरकोळ खर्च १,००० धरा. मटण पडलं १३ किलो. म्हणजे किलोला हजाराच्या वर गेलं! आता यात मुंडी, पाया, कलेजी, गुर्दे, वजडी असं साधारण ४ किलो धरलं, तर तोच खर्च १७ किलोंवर वाटला जातो आणि भाव येतो पावणेआठशेच्या आसपास. वजडी कोण साफ करत बसणार म्हणून ती तिथेच टाकून येणारा माणूस थेट खरेदीतला सगळा फायदा टाकून येतो. घरात मुंडी-पाया खाणारं कुणी नसेल तर सरळ चांगल्या दुकानातून हवं तेवढं मटण घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

भरल्या पोटी वजन करणं

शेळी रवंथ करणारं जनावर आहे. सकाळभर चरून, वर पाणी पिऊन आलेल्या बोकडाच्या पोटात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चारा-पाणी सहज असतो. वरच्या उदाहरणातला २७ किलोचा बोकड भरल्या पोटी ३० भरेल, पैसे १३,५०० होतील आणि मटण तेच १३ किलो पडेल.

यात शेतकऱ्याला चोर समजायचं कारण नाही. जनावर उपाशी ठेवून आपलं वजन कमी करून घेणं त्याला परवडत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे. फोनवरच स्पष्ट बोला, "दादा, आदल्या रात्रीपासून चारा नको, पाणी ठेवा, सकाळी वजन करू. भावात दहा-वीस रुपये वर देतो." यावर बहुतेक जण आनंदाने तयार होतात. कापायच्या आधी १२ तास चारा बंद ठेवणं तसंही चांगलं. पोट हलकं असलं की साफ करताना आतडं फुटून मटण खराब होण्याची भीती कमी राहते. पाणी मात्र कधीच तोडू नका.

वस्तीवर काटा नसेल तर शिवणकामाचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत घ्या. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बाजूच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत अंदाज मिळतो. घेर २८ आणि लांबी २५ असेल तर उत्तर येतं ३० किलोंच्या जरा खाली. हा अंदाजच आहे, किलो-दोन किलो इकडेतिकडे होणार. पण "चाळीसचा आहे साहेब" असं कुणी म्हणालं तर मान हलवण्याआधी टेप काढता येतो.

उंची, कान आणि शिंगं बघून भुलणं

लांब कानांचा, उंच, पांढराशुभ्र संकरित बोकड फोटोत देखणा दिसतो आणि त्याला दिखाऊपणाचाच भाव लागतो. कुर्बानीसाठी किंवा पैदाशीसाठी लोक रूपाचे पैसे देतात, ते समजण्यासारखं आहे. आपल्याला मटण हवं असेल तर काळ्याभोर उस्मानाबादीला तोड नाही. धाराशिव, लातूर, तुळजापूर या भागातली ही जात कमी चाऱ्यावर तग धरते आणि तिचं मटण चवीला पक्कं असतं. नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, तळकोकणात कोकण कन्याळ आहे. जवळ जी जात मिळेल ती घ्या. लांबून आणलेला बोकड दमून वाळतो आणि त्याचं भाडंही आपल्याच माथी बसतं.

जातीपेक्षा वय महत्त्वाचं, आणि वय कळतं दातांवरून. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचा ओठ हळूच खाली ओढा, आठ दात दिसतील. सगळे बारीक, दुधी असतील तर बोकड वर्षाच्या आतला. मधले दोन रुंद, मोठे झाले असतील तर तो दोन दाती, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा किंवा थोडा जास्त. चार दाती म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. वाट्यासाठी दुधी ते दोन दाती यातलाच घ्या. सहा दाती, आठ दाती बोकड स्वस्तात मिळेल, पण कुकरच्या शिट्ट्या मोजत बसावं लागेल.

बोकड खच्ची केलेला आहे की अंडील, हेही तेव्हाच बघा. वयात आलेल्या अंडील बोकडाला उग्र दर्प असतो आणि तो मटणात उतरतो. सात-आठ महिन्यांपर्यंत फार फरक पडत नाही, पुढे पडतो. जत्रेच्या मानाचा बोकड काही ठिकाणी अंडीलच लागतो, तिथे प्रश्न वेगळा.

आणि पाठ (म्हणजे अजून न व्यायलेली तरुण मादी) किंवा शेळी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी आणि तीन महिन्यांच्या आतलं करडू कापायला मनाई आहे. सुरुवातीच्या महिन्यांत शेळी गाभण आहे हे वरून कळत नाही. दुभती, विणारी शेळी ही त्या घराची चालती पुंजी असते. अडचणीत सापडलेला माणूस ती विकायला काढतो, तेव्हा आपण घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

तब्येत न बघता विसार देणं

व्हॉट्सअॅपवर फोटो आला, लगेच विसार पाठवला, असं करू नका. जनावरासमोर पाच मिनिटं उभे राहा. तो कळपात आहे की एकटा कोपऱ्यात उभा आहे? रवंथ करतोय का? नाक वाहतंय का? शेपटीखालचे केस कोरडे आहेत की हगवणीने चिकटलेत?

मग डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने अलगद खाली ओढा. आतला पडदा लालसर-गुलाबी दिसला तर ठीक. फिकट, पांढुरका दिसला तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत असं समजा. असा बोकड वरून भरलेला दिसतो, पण अंगात रक्त नसतं. जबड्याखाली हाताला मऊ, पाणी भरल्यासारखी सूज लागली तर तीही बहुतेक वेळा जंतांचीच खूण. पावसाळ्यात हे फार दिसतं. ओठांवर खपल्या असतील तर तो मावा असू शकतो. हा रोग माणसाच्या हातालाही लागतो, म्हणून तोंड तपासताना हातमोजे घाला आणि असा बोकड सोडून द्या.

एक प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही, तो म्हणजे शेवटचं औषध कधी दिलं. जंताचं औषध असो की प्रतिजैविकाचं इंजेक्शन, दिल्यावर ठरावीक दिवस त्या जनावराचं मटण खायचं नसतं. हे दिवस औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असतात, काही औषधांना तीन-चार आठवडेही लागतात. जो शेतकरी बाटली आणून दाखवतो त्याच्याकडून पुढच्या वर्षीही घ्या. कानात १२ अंकी बिल्ला असेल तर नंबर टिपून घ्या, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाची चौकशी करायला तो उपयोगी पडतो.

कुठे कापायचं हे शेवटी ठरवणं

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. सोसायटीची गच्ची किंवा पार्किंग हा पर्यायच नव्हे. शहरात आणणार असाल तर खाटकाशी आधी बोलून ठेवा. आखाडाच्या शेवटच्या रविवारी ऐनवेळी हाताशी चांगला खाटीक मिळत नाही, आणि नवशिक्याच्या हाती बोकड दिला की हाडांचे कण प्रत्येक घासाला लागतात.

बोकड मोटारसायकलवर पाय बांधून आणू नका. त्या जिवाचे हाल तर होतातच, शिवाय घाबरून दमलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते. मग मटण गडद, कोरडं पडतं आणि लवकर खराब होतं. टेम्पोत मोकळं उभं राहू द्या, पोचल्यावर सावलीत पाणी देऊन विश्रांती द्या.

गावाकडेच कापून आणायचं असेल तर भर उन्हाळ्यात गरम मटण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून डिकीत टाकणं ही हमखास फसण्याची रीत आहे. कोंडलेली ऊब बाहेर पडत नाही, पिशवीला घाम फुटतो आणि चार तासांनी आंबूस वास येतो. पातळ सुती कापडात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बंद पाकिटांमध्ये ठेवा. बर्फाचं वितळलेलं पाणी मटणाला लागू देऊ नका.

वाटे न ठरवता वर्गणी काढणं

भांडणं होतात ती नळ्यांवरून आणि कलेजीवरून. गावाकडची पद्धत याला उत्तम उत्तर आहे. जितकी घरं तितके ढीग घालायचे, प्रत्येक ढिगात मांडी, खांदा, चाप, सीना, गर्दन, नळी, कलेजी, चरबी थोडी थोडी टाकायची आणि मग चिठ्ठ्या काढायच्या. पैसे वाट्याचे, किलोचे नाहीत. मुंडी, पाया आणि वजडी कुणाला हवी ते आधी विचारून त्यांचा वेगळा हिशेब लावा. खिमा कुणाला हवाय हेही मटण तोडायच्या आधी सांगा, कारण तुकडे झाल्यावर हाडापासून मांस सोडवणं जिकिरीचं असतं.

पुणे परिसरात असाल तर आणखी एक विचारून घ्या, घरात बोल्हाई आहे का. बोल्हाई देवी मानणारी कुटुंबं शेळी-बोकडाचं मटण खात नाहीत, मेंढीचंच खातात. वर्गणी जमल्यावर हे कळलं तर सगळ्यांचाच हिरमोड होतो.

वर्गणी जनावर घेण्याआधी गोळा करा. एकाने सगळे पैसे भरले आणि नंतर उरलेलं मटण सोसायटीत विकायला काढलं, तर ती विक्री झाली आणि तिला अन्न परवाना लागतो.

गरम मटण थेट फ्रीजरमध्ये

चिवटपणाची निम्मी तक्रार इथली असते. कापल्यावर पहिला तास-दोन तास मटण मऊ असतं, त्यानंतर स्नायू आखडत जातात आणि दिवसभराने पुन्हा सैल होऊ लागतात. ते आखडण्याआधीच गोठवलं तर तंतू आवळून बसतात आणि मग कितीही शिजवा, रबरासारखं राहतं. म्हणून एक तर कापल्या कापल्या शिजवा, नाहीतर एक रात्र फ्रीजच्या खालच्या, थंड कप्प्यात झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजरमध्ये हलवा. थंडीच्या दिवसांत तोडण्याआधी दोन-तीन तास सावलीत, जाळीखाली टांगून ठेवलं तरी चालतं.

घरच्या फ्रीजरमध्ये एका वेळी तीन-चार किलोंपेक्षा जास्त ताजं मटण कोंबू नका. गोठायला वेळ लागतो आणि आधीचं गोठलेलंही सैल पडतं. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा, हवा काढा, तारीख लिहा. उणे १८ अंशांवर मोठे तुकडे चार-पाच महिने चांगले राहतात. खिमा तीन महिन्यांत आणि कलेजी त्याहून लवकर संपवा.

तरीही बिघडलंच तर

मटण चिवट निघालं असेल तर कच्च्या पपईची पेस्ट किलोला दोन चमचे लावून तासभर ठेवा. रात्रभर ठेवू नका, वरचा थर पीठ होतो. मीठ, हळद, आलं-लसूण आणि दही लावून मंद आचेवर झाकण ठेवून शिजवा, टोमॅटो-चिंच मटण मऊ झाल्यावरच घाला.

दर्प येत असेल तर वरची चरबी काढून टाका, वासाचा मोठा भाग तिच्यात असतो. पुढच्या वेळी खाटकाला सांगा की कातडी सोलणारा हात आणि सुरी धुतल्याशिवाय मटणाला लावू नको. बोकडाच्या शिंगांमागे वासाच्या ग्रंथी असतात आणि तो वास केसांवरून हाताने मटणावर येतो.

मटण हाताला चिकट, बुळबुळीत लागत असेल किंवा हिरवट झाक आली असेल, तर पपई, दही, मसाला काही लावू नका, टाकून द्या. आणि कापताना यकृतावर पांढरे फोड, फुप्फुसात गाठी किंवा पाण्याच्या पिशव्या दिसल्या तर तिथेच थांबून पशुवैद्यकाला दाखवा. तो भाग कुत्र्यांना मात्र टाकू नका. पाण्याच्या पिशव्यांमधले जंत कुत्र्याच्या पोटात वाढतात आणि त्याच्या विष्ठेतून पुन्हा शेळ्यांपर्यंत आणि माणसांपर्यंत पोचतात. असा भाग खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.