कोविडचं सरकारी पॅकेज कसं वाचायचं

मोठा आकडा ऐकला की लगेच टाळ्या नको आणि शिव्याही नको, आधी त्याची फोड करायची. १२ मे २०२० ला रात्री आठ वाजता २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, जीडीपीच्या १० टक्के. मग अर्थमंत्र्यांनी पाच दिवस रोज प्रेस घेऊन तपशील सांगितला आणि बेरीज जवळपास २१ लाख कोटींवर गेली. पण त्यातले ८ लाख कोटींच्या वर रिझर्व्ह बँकेचे होते, म्हणजे बँकांकडे रोकड वाढावी म्हणून केलेले उपाय, तुमच्या-आमच्या हातात पैसे नाहीत.

तर कागद घ्या आणि तीन कप्पे करा: सरकारच्या तिजोरीतून थेट जाणारा पैसा, कर्ज किंवा कर्जाची हमी, आणि रिझर्व्ह बँकेची रोकड. लघुउद्योगांचं ३ लाख कोटींचं विनातारण कर्ज दुसऱ्या कप्प्यात जातं, कारण कर्ज बुडालं तरच सरकारला पैसे भरावे लागतात. आता हमी म्हणजे फसवणूक असं काही नाही हं, धंदा चालू ठेवायला ती कामाची आहे, पण ज्याची मजुरीच बंद झाली तो कर्ज घेऊन करणार काय? त्याच्यासाठी पहिला कप्पा बघायचा: माणशी ५ किलो मोफत धान्य, जनधन खात्यातल्या बायकांना महिना ५०० रुपये तेही तीनच महिने, मनरेगाला वाढीव ४० हजार कोटी. माझ्या मते धान्य हाच यातला सगळ्यात भक्कम भाग, ५०० रुपये अगदीच तुटपुंजे.

‘सवलत’ दिसली की व्याजाचं काय ते विचारा. मार्च ते ऑगस्ट २०२० कर्जाच्या हप्त्यांवर मोरॅटोरियम म्हणजे स्थगिती होती, हप्ता थांबला पण व्याज चालूच होतं, आणि लोकांना वाटलं माफ झालं! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कुठे २ कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज परत मिळालं, मूळ व्याज नाही.

आरोग्याच्या बाजूला रोजच्या केसेस एकट्या बघू नका, टेस्ट कमी केल्या की केसेस आपोआप कमी दिसतात. पॉझिटिव्हिटी रेट, म्हणजे शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह निघाल्या ते बघा, निर्बंध उठवण्याआधी तो दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली असावा असं डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटनेचं) म्हणणं होतं. मृत्यूंसाठी सरकारी आकड्यासोबत एकूण जादा मृत्यूंचे, म्हणजे एरवी झाले असते त्यापेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचे अंदाजही बघा. भारताबाबत २०२०-२१ साठी डब्ल्यूएचओने सुमारे ४७ लाख म्हटलं, सरकारी नोंद ५ लाखांच्याही खाली होती, सरकारने ही पद्धतच मान्य केली नाही, तेव्हा दोन्ही बाजू वाचा.

लसीत खरेदी कोण करतंय ते बघायचं. मे २०२१ मध्ये निम्मा साठा राज्यं आणि खासगी हॉस्पिटल्सवर सोडला आणि राज्यं आपापली टेंडरं काढत बसली, २१ जूनपासून ७५ टक्के खरेदी परत केंद्राकडे आली आणि १८ वरच्या सगळ्यांना मोफत.

आणि घोषणेच्या दिवशीच मत बनवू नका, पुढच्या बजेटमध्ये ‘सुधारित अंदाज’ नावाचा रकाना असतो, तिथे खर्चाचा आकडा कुठवर आला ते कळतं.