पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचायला सुरुवात कुठून करावी?

जाडजूड इतिहासग्रंथ आधी हातात घेऊ नका. सनावळ्या लक्षात राहत नाहीत, हुरूप मात्र जातो. मी सगळ्यांना एकच सांगते: प्लेटोचं 'अपॉलॉजी' घ्या. इ.स.पू. ३९९, अथेन्सचं न्यायालय, सत्तरीचा सॉक्रेटिस स्वतःची बाजू मांडतोय. तरुणांना बिघडवल्याचा आरोप करणाऱ्या मेलेटसची उलटतपासणी येते तिथे रेंगाळा. तरुणांना सुधारतं कोण, असं विचारत सॉक्रेटिस त्याच्याकडून वदवून घेतो की अख्खं अथेन्स सुधारतं, बिघडवतो तो एकटा सॉक्रेटिस! मग विचारतो, घोड्यांना वळण सगळेच लावतात, की मोजके जाणकार? पेन्सिल घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, मेलेटसने इथे काय कबूल केलं. ही सवय पुढे फार कामी येते.

ॲरिस्टॉटल आणि मध्ययुग सावकाश बघा. थेट देकार्तच्या १६४१च्या 'मेडिटेशन्स'वर या. पहिली दोन चिंतनं पुरेत. शेकोटीजवळ बसलेला तो माणूस विचारतो, मी स्वप्नात तर नाही ना? तो संशय स्वतः खरोखर घेऊन पाहा.

मग ह्यूम. त्याच्याआधी कांट उघडू नका. कारणामागून कार्य येणारच, हे आपल्याला कळतं कशावरून, हा ह्यूमने उभा केलेला प्रश्न ठाऊक नसेल, तर १७८१च्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'मध्ये कांट कुणाला उत्तर देतोय, तेच कळत नाही.