जुन्या गाडीची खडखड: माझा अनुभव

मालवणात घेतलेली जुनी १५० सीसी बाईक ५० च्या पुढे गेली की फूटरेस्ट झिणझिणायचे, गिअर बदलताना मागून 'खट्' व्हायचं. एकाने थेट इंजिन उघडायला सांगितलं. माझं मन होईना. उतारावर क्लच दाबून पाहिला. इंजिन मंदावलं तरी थरथर तशीच! म्हणजे दोष चाकाकडे. डबल स्टँडवर मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं, तर चेन एका जागी ताठ, दुसरीकडे सैल. खाऱ्या वाऱ्याने कड्या गंजून आखडल्या होत्या. हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यभागातले, धक्के झेलणारे रबरही पार चेपलेले. चेन आणि स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचा) पूर्ण सेट आणि रबर बदलले, चेन वर-खाली २५ मिमी हलेल इतकी सैल ठेवली. खट् गेलं, थरथरही. पावसाळ्यात आता दर रविवारी चेन पुसून तेल देतो.