एफटीपीला लॉगिन होतंय पण फाइल्सची लिस्टच येत नाही? फायरवॉल असा सेट करा

फाइलझिलामध्ये (एफटीपीने सर्व्हरवर फाइल्स पाठवायचा-आणायचा प्रोग्राम) यूजरनेम पासवर्ड टाकला, लॉगिन झालं, आणि डिरेक्टरी लिस्टिंगवर येऊन घोडं अडलं, मग 20 सेकंदांनी टाइमआउट. हे दिसलं की लोक आधी पासवर्ड बदलून बघतात, मग फोल्डरला 777 परमिशन (म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं) देतात आणि शेवटी वैतागून फायरवॉलच (सर्व्हरच्या दारावरचा पहारेकरी) बंद करतात. बंद केल्यावर चालतं, आणि चालतंय म्हणून तो कायमचा बंदच राहतो. प्लीज असं करू नका, चार ओळींचं काम आहे.

आधी भानगड समजून घ्या. एफटीपीला दोन कनेक्शन लागतात. 21 नंबर पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर दिलेलं दार) नुसतं बोलणं होतं, लॉगिन, कमांड वगैरे, आणि खरी फाइल (किंवा साधी लिस्टसुद्धा) दुसऱ्या कनेक्शनवरून येते ज्याचा पोर्ट दरवेळी नवा ठरतो. या प्रोटोकॉलची सुरुवात 1971 ची, पहिला मसुदा आपल्या आयआयटी कानपूरहून एमआयटीला गेलेल्या अभय भूषण यांचा, तेव्हा फायरवॉल हा प्रकारच नव्हता तर त्यांनी तरी काय करावं. ॲक्टिव्ह मोडमध्ये सर्व्हर उलटा तुमच्या मशीनला कनेक्ट करायला येतो, घरच्या राउटरमागे ते जमत नाही, म्हणून सगळे पॅसिव्ह वापरतात. पॅसिव्हमध्ये पोर्ट सर्व्हर उघडतो, म्हणजे दार उघडायची जबाबदारी सर्व्हरवाल्याची.

उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि व्हीएसएफटीपीडी (एफटीपी सर्व्हरचा प्रोग्राम) धरून सांगतो. कॉन्फिग फाइलमध्ये पीएएसव्ही मिन पोर्ट 30000 आणि पीएएसव्ही मॅक्स पोर्ट 30050 द्या. 30000 च का, तर लिनक्स स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी बाय डिफॉल्ट 32768 ते 60999 वापरतो, त्याच्या खाली राहिलं की आपसात मारामारी नाही. छोट्या साइटला 51 पोर्ट भरपूर झाले. सर्व्हर क्लाउडवर असेल तर पीएएसव्ही ॲड्रेसमध्ये पब्लिक आयपी टाका, नाहीतर तो क्लायंटला (फाइलझिलासारख्या तुमच्या मशीनवरच्या प्रोग्रामला) स्वतःचा 172.31 वाला प्रायव्हेट आयपी सांगत बसतो. फाइलझिला हे ओळखून सांभाळून घेतो पण सगळे क्लायंट एवढे शहाणे नसतात. मग सर्व्हिस रीस्टार्ट.

आता यूएफडब्ल्यू, म्हणजे उबंटूचा फायरवॉल. सगळ्यात आधी 22 अलाऊ करा!! ते न करता यूएफडब्ल्यू एनेबल केला तर एसएसएचने (लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत, ती 22 वर चालते) परत आत येणं बंद. मग 21/टीसीपी अलाऊ, मग 30000:30050/टीसीपी अलाऊ (रेंजला मध्ये कोलन), आणि मग एनेबल. बऱ्याच ठिकाणी 20 नंबरही उघडायला सांगतात, पॅसिव्हला त्याची काही गरज नाही. एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) असेल तर तिथल्या सिक्युरिटी ग्रुपच्या (क्लाउडचा स्वतःचा फायरवॉल) इनबाउंडमध्येही हेच दोन रूल लागतात, हे दोन वेगळे फायरवॉल आहेत आणि एक उघडून दुसरा विसरणं हा सगळ्यात कॉमन घोळ.

तरी अडलं तर क्लायंटच्या लॉगमधली 227 वाली ओळ बघा, सर्व्हर त्यात पॅसिव्हचा आयपी आणि पोर्ट सांगतो. कंसात सहा आकडे असतात, पहिले चार आयपी आणि शेवटचे दोन पोर्ट. समजा शेवटी 117,58 आहे, तर 117 गुणिले 256 म्हणजे 29952, अधिक 58, झाले 30010. हा तुमच्या रेंजमध्ये नसेल तर कॉन्फिग लागूच झालेलं नाही. रेंजमध्ये असूनही अडतंय तर बाहेरच्या मशीनवरून त्या पोर्टला टेलनेट मारा (टेलनेट कमांडने कनेक्ट होतंय का बघा). "रिफ्यूज्ड" आलं तर घाबरू नका, फायरवॉल उघडा आहे, फक्त त्या क्षणी तिथे ऐकणारं कोणी नाही कारण सर्व्हर पोर्ट तेवढ्यापुरताच उघडतो. नुसतं ताटकळत राहिलं तर मात्र मधे कोणीतरी पॅकेट गिळतंय. यूएफडब्ल्यूच्या लॉगमध्ये डीपीटी=30010 (डीपीटी म्हणजे पॅकेट ज्या पोर्टला जातंय तो) शोधा, तिथे ब्लॉक दिसला तर रूल चुकलाय, काहीच नसेल तर पॅकेट क्लाउडवरच अडतंय.

कोणी म्हणेल रेंज कशाला, लिनक्स कर्नलचं एफटीपी हेल्पर मॉड्यूल लोड करा, ते 21 वरचं बोलणं वाचून पोर्ट आपोआप उघडतं. साध्या एफटीपीला हो, पण टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करायची पद्धत) लावलं की बोलणं एन्क्रिप्टेड, ते बिचारं वाचणार काय. आणि आजच्या काळात टीएलएसशिवाय एफटीपी म्हणजे पासवर्ड उघड्यावर, तेव्हा फिक्स रेंजच बरी. ज्याचं काम करताय त्या ग्राहकाकडून एफटीपीची सक्ती नसेल तर सरळ एसएफटीपी (एसएसएचवरूनच फाइल्स पाठवणं) वापरा, सगळं एकट्या 22 वर होतं आणि वरचं काहीच करावं लागत नाही.

ऑफिसला स्टॅटिक आयपी असेल तर 21 आणि रेंज दोन्ही त्या आयपीपुरतेच अलाऊ करा, पासवर्ड ट्राय करत फिरणारे बॉट तिथेच गळतात. घरच्या ब्रॉडबँडवरून काम करत असाल तर हे नको, आयपी बदलला की तुम्हीच बाहेर.